सोहारचा सनईवाला आणि त्याचे कागद

ओमानच्या अल्-बातिना किनाऱ्यावर, सोहार आणि आसपासच्या गावांत, लग्नात किंवा सणासुदीला 'लेवा' मांडला जातो तेव्हा पहिला सूर सनईचा निघतो. मध्ये ढोलवाले असतात, त्यांच्याभोवती माणसांचे मोठे कडे असते आणि सनईवाला काही वेळ एकटाच वाजवत राहतो. मग ढोल त्याला येऊन मिळतात, कडे संथपणे फिरू लागते, लय चढत जाते. गाण्यात अरबी शब्द येतात तसे स्वाहिलीही येतात. तिथले लोक या वाद्याला मिझमार किंवा सुरनाय म्हणतात. दुहेरी पातीचे, पुढे रुंद होत जाणारे हे लाकडी वाद्य आपल्या सनईच्या घराण्यातलेच आहे, म्हणून मी त्याला सनईच म्हणणार आहे. ते वाजवणारा परंपरेने आफ्रिकी वंशाचा, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या कुळातला.

या वादकाचे चरित्र कागदांवरून किती उभे करता येते, हे मला पाहायचे आहे. एका नावाच्या एका माणसाचे चरित्र येथे होणार नाही. ज्या जागी उभा राहून तो वाजवतो, त्या जागेचे चरित्र मात्र लिहिता येते, आणि त्याला आधार पुष्कळ आहेत.

तुलनेसाठी आधी आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्याकडे पाहू. पश्चिम आफ्रिकेत, गिनीच्या फुता जालोन डोंगराळ भागात, फुला लोकांची तीन भोकांची बासरी आहे. ती वेलीच्या पोकळ खोडापासून करतात आणि वादक फुंकताफुंकताच तिच्यात गातो, बोलतो. तिथे गाणारे-वाजवणारे लोक ओळखीच्या घराण्यांतले असतात. फुतामधल्या फिरत्या कलावंतांना न्यामकाला म्हणतात. शेजारच्या मांडिंग प्रदेशातल्या भाटांची कुयाते, जबाते ही आडनावेच त्यांचा पेशा सांगतात. केइता फोदेबा यांनी 1952 मध्ये पॅरिसमध्ये 'ले बाले आफ्रिकें' हा नृत्यसंघ काढला. 1958 मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर तो राष्ट्रीय संघ झाला आणि जगभर फिरला. त्याच 1952 साली फ्रेंच संशोधक जिल्बेर रुजे गिनीत ध्वनिमुद्रण करत होते. अशा प्रदेशातल्या वादकाचे चरित्र लिहायला बसले की घराणे, गुरू, मंच आणि तबकडी हे चारही धागे हाताशी असतात.

सोहारच्या सनईवाल्याच्या पूर्वजांचा पहिला धागाच तोडला गेला. ते आले पूर्व आफ्रिकेतून, आजच्या टांझानिया, मलावी, मोझांबिकच्या अंतर्भागातून झांझिबारमार्गे. वाटेत त्यांची नावे बदलली. मुबारक, फरज, बिलाल, अल्मास ही ओमानच्या कागदांत वारंवार भेटणारी नावे मालकांनी ठेवलेली आहेत. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. अंबर, याकूत, जौहर ही आपल्या इतिहासातली सिद्दी माणसांची नावेही सुगंधी द्रव्यांची आणि रत्नांची आहेत. अशा नावावरून माणसाचे गाव शोधता येत नाही, बापही शोधता येत नाही.

पहिला कागदांचा गठ्ठा तहांचा. 1822 मध्ये इंग्रज कॅप्टन मोर्सबीने मस्कतचे सुलतान सय्यद सईद यांच्याशी करार केला. त्यात ख्रिस्ती राष्ट्रांच्या प्रजेला गुलाम विकायला बंदी होती आणि समुद्रात एक रेषा ठरवली होती: आफ्रिकेच्या केप देल्गादोपासून सोकोत्रा बेटाच्या पूर्वेकडून थेट आपल्या दीवच्या टोकापर्यंत. रेषेच्या पलीकडे गुलाम वाहून नेणारी गलबते पकडायची. नकाशा समोर ठेवला की या कराराचा अर्थ उलगडतो. झांझिबारहून सोहारला येणारे गलबत ती रेषा ओलांडतच नाही. म्हणजे हिंदुस्थानच्या बाजूचे दार लोटले गेले आणि बातिनाच्या बाजूचे पुढची 25 वर्षे उघडे राहिले. 1845 च्या कराराने सय्यद सईद यांच्या आफ्रिकेतल्या मुलखातून गुलाम बाहेर नेण्यास बंदी घातली, ती 1847 पासून लागू झाली. एप्रिल 1873 मध्ये सर बार्टल फ्रिअर मस्कतला आले आणि सुलतान तुर्की यांच्याशी आणखी कडक करार झाला. हेच फ्रिअर 1862 ते 1867 मुंबईचे गव्हर्नर होते.

करार होत राहिले, गलबतेही येत राहिली. ओमानच्या सूर बंदरातली काही गलबते फ्रेंच निशाण लावून फिरत, म्हणजे इंग्रजांना त्यांची झडती घेता येत नसे. त्यावरून झालेला वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि त्याचा निकाल 1905 मध्ये लागला. इतकी वर्षे हा व्यापार का टिकला, याचे उत्तर इतिहासकार मॅथ्यू हॉपर यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगात खजुराची आणि मोत्यांची मागणी वाढली. ओमानचा फर्द जातीचा खजूर जहाजे भरून न्यूयॉर्कला जात होता. त्या मागणीसाठी बातिनाच्या बागांना हात हवे होते.

ते हात काय काम करत, हेही कागदांवरून कळते. बातिनाच्या खजुराच्या बागा विहिरींवर जगत. बैल उतारावरून खाली चालत जायचा, दोराला बांधलेली कातड्याची पखाल वर यायची, पाणी पाटात पडायचे. आपल्याकडची मोट डोळ्यांपुढे आणली की ते सारे दिसते. तिथे तिला झिजरा म्हणतात. हे काम फार मोठ्या प्रमाणावर गुलामांकडून करून घेतले जाई. इंग्रज अधिकारी लॉरिमर यांचे आखाताचे गॅझेटियर, ज्याचा भौगोलिक खंड 1908 मध्ये छापला गेला, गावोगावची घरे मोजते, टोळ्या सांगते, खजुराची झाडे आणि जनावरे मोजते. सरकारी कामासाठी केलेले ते पुस्तक आहे आणि त्या कामापुरते ते उत्तम आहे. बागेला पाणी पाजणारा माणूस रात्री काय वाजवतो, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

दुसरा गठ्ठा माणसांच्या स्वतःच्या शब्दांचा आहे, निदान तसा दिसतो. पळून आलेला गुलाम मस्कत, शारजा किंवा बहारीनच्या इंग्रज कचेरीत पोहोचला की त्याचे निवेदन लिहून घेत. नाव काय, वय काय, जन्म कुठला, कोणी पकडले, किती जणांना विकले गेले, मालक कसा वागला. मग एजंट मुक्तीचा दाखला द्यायचा की नाही हे ठरवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतली अशी पुष्कळ निवेदने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्यांतली बरीच आता संगणकावर वाचता येतात. कित्येकांत बातिनाचा उल्लेख येतो. 1920 नंतरच्या कागदांत मकरानमधून पळवून आणलेले बलुचीही दिसू लागतात.

हे कागद वाचताना मन सुन्न होते. लहान वयात आईपासून तोडलेले मूल, तीन-तीनदा झालेली विक्री, लग्न लावून दिलेली आणि नंतर दुसरीकडे विकलेली बायको. पण इतिहास लिहिणाऱ्याने साक्षीचा साचाही ओळखला पाहिजे. कारकून ठरावीक प्रश्न विचारतो आणि त्यांचीच उत्तरे लिहितो. दाखल्यासाठी छळ सिद्ध करायचा असतो, म्हणून छळ लिहिला जातो. माणसाला सनई वाजवता येते का, हा प्रश्न त्या साच्यात बसत नाही. या निवेदनांवरून त्या लोकांकडे दुःखाखेरीज काही नव्हते असा समज कोणी करून घेतला, तर तो दोष वाचणाऱ्याचा.

इथे नाशिकची आठवण काढावी लागते. ज्या समुद्रात सोहारकडे गलबते जात होती त्याच समुद्रात इंग्रज आरमाराने पकडलेल्या गलबतांवरची आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतल्या अनेकांना नाशिकजवळ शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवले. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले मिशनरी. मुलांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम आणि ख्रिस्ती प्रार्थना शिकवल्या. जानेवारी 1866 मध्ये मुंबईहून निघालेल्या, आफ्रिकेचे संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या मोहिमेत नाशिकचे नऊ जण होते. त्यांच्या मदतीला 1872 मध्ये पाठवलेल्या नव्या तुकडीत जेकब वेनराइट होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले ते याने. शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत हा होता, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हाही तो शवपेटीसोबत होता. त्याची दैनंदिनी उरली आहे. नंतर प्राइस यांनी मोंबासाजवळ वस्ती वसवली, तिला फ्रिअर यांचे नाव देऊन फ्रिअरटाउन म्हटले. नाशिकची अनेक आफ्रिकी माणसे तिथे गेली आणि पुढे 'बॉम्बे आफ्रिकन' याच नावाने ओळखली गेली.

आता ही दोन आयुष्ये शेजारी ठेवून पाहा. पकडल्या गेलेल्या गलबतावरचा मुलगा नाशिकला पोहोचला तर त्याला बाप्तिस्म्याचे नाव, वही, नोंदवहीतली ओळ आणि इंग्रजी प्रार्थनागीते मिळाली. न पकडल्या गेलेल्या गलबतावरचा मुलगा बातिनाला उतरला, बागेत मोट हाकू लागला. त्याच्यासाठी कोणी वही ठेवली नाही. पण त्याच्या वस्तीत स्वाहिली गाणे, आफ्रिकी ढोल आणि सनई पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली. आपण इतिहासात पहिल्याचे आयुष्य सहज लिहितो, कारण त्याने कागद मागे ठेवला. दुसऱ्यासाठी वेगळ्या प्रकारचा पुरावा वाचायला शिकावे लागते, आणि तो पुरावा म्हणजे खुद्द लेवा.

लेवाची सामग्री एकेक करून पाहू. उभा मोठा ढोल, ज्याला म्सोंदो म्हणतात, तो पायांवर उभा असतो आणि वादक उभ्यानेच वाजवतो. नाव आणि बांधणी दोन्ही पूर्व आफ्रिकेची. सोबत लहान ढोल असतात. आणखी एक वाद्य असते ते पत्र्याचे: रॉकेलचा डबा किंवा तसाच पत्रा, दोन काठ्यांनी बडवायचा. रॉकेलचे पत्र्याचे डबे हिंदी महासागराच्या बंदरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरले. म्हणजे आज दिसतो तो वाद्यमेळ गुलामांच्या पहिल्या पिढीने जसाच्या तसा आणलेला नाही. तो इथल्या किनाऱ्यावर, इथल्या बंदरात आलेल्या वस्तू घेऊन घडत गेला आहे. पत्र्याचा डबा हा इथे तारीख घातलेला कागद ठरतो.

सनईची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मोंबासा, लामू, झांझिबार या स्वाहिली बंदरांत झुमारी नावाची सनई आहे. दुहेरी पातीचे हे वाद्य मुळात पश्चिम आशियातले, व्यापाराच्या वाटेने ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले. ते किनाऱ्यावरच्या शहरांचे वाद्य आहे, मलावीच्या सरोवराकाठच्या खेड्याचे नाही. मग खेड्यातून पकडून आणलेल्या मुलाने ते बातिनाला आणले असे म्हणणे कठीण आहे. माझे मत असे की लेवाची सनई आणणारे लोक वेगळे असावेत: झांझिबार-मोंबासात काही वर्षे काढलेले गुलाम, आणि त्याहीपेक्षा गलबतांवरचे खलाशी. मोसमी वाऱ्यावर दरवर्षी ये-जा करणाऱ्या गलबतांवर आफ्रिकी वंशाचे खलाशी मोठ्या संख्येने होते. एकदाच आलेल्या माणसाबरोबर आठवण येते, दरवर्षी येणाऱ्याबरोबर नवे गाणे येते. लेवाच्या गाण्यांत स्वाहिली इतकी वर्षे टिकली, त्याचे हेच कारण मला पटते. मकरान आणि कराचीच्या ल्यारीत आफ्रिकी वंशाच्या बलुचींमध्येही लेवा आहे. बंदरामागून बंदर जोडत गेलेली ही वाट आहे.

1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि तिथल्या ओमानी वंशाच्या लोकांवर संकट कोसळले. 1970 मध्ये सुलतान काबूस गादीवर आल्यावर स्वाहिली बोलणारी पुष्कळ कुटुंबे ओमानला परतली. त्याच वर्षी ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मालकांच्या वंशातली माणसे आणि गुलामांच्या वंशातली माणसे एकच परदेशी भाषा जाणतात, अशी ही विलक्षण स्थिती होती.

यानंतरचे कागद वेगळ्या जातीचे आहेत, कारण ते लिहिणारे गावात राहिले. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ आणि त्यांच्या पत्नी उन्नी विकान यांनी 1974 ते 1976 या काळात सोहारमध्ये काम केले. विकान यांचे तिथल्या स्त्रियांवरचे पुस्तक 1982 मध्ये आले, बार्थ यांचे सोहारवरचे 1983 मध्ये. अरब, बलुची, इराणी, झिदजाली, बनिया असे निरनिराळे लोक एका छोट्या शहरात आपापले वेगळेपण राखून कसे राहतात, हा बार्थ यांचा प्रश्न. कायद्याने गुलामगिरी संपून जेमतेम चार वर्षे झाली होती आणि गुलामांच्या वंशजांना गावात वेगळे ओळखले जात होते. त्याआधी, 1967 मध्ये, डेन्मार्कचे संगीतकार-संशोधक पॉल रोव्सिंग ओल्सेन यांनी आखातातल्या आफ्रिकी संगीतावर फ्रेंचमध्ये लेख लिहून लेवाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते.

1983 मध्ये सुलतान काबूस यांच्या आज्ञेने ओमान पारंपरिक संगीत केंद्र सुरू झाले. इजिप्तचे अभ्यासक युसुफ शौकी यांनी गावोगावची पाहणी केली आणि पारंपरिक संगीताचा कोश रचला. डीटर क्रिस्टेन्सन यांनी तो तपासून वाढवला आणि त्याची इंग्रजी आवृत्ती 1994 मध्ये आली. क्रिस्टेन्सन यांनी सोहारलाच आपले क्षेत्र केले. साल्वा अल-शावान कास्तेलो-ब्रांको यांच्यासह लिहिलेला सोहारच्या संगीत आणि समाजावरचा त्यांचा ग्रंथ 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच गावाच्या संगीतावर स्वतंत्र ग्रंथ असणे दुर्मीळ आहे. आपल्या कोकणातल्या किंवा सोलापूरकडच्या एका गावाच्या वाजंत्र्यांवर असा ग्रंथ असता तर किती बरे झाले असते.

या साऱ्यांतून सनईवाल्याचे सामाजिक स्थान स्पष्ट होते. ओमानमध्ये स्वतंत्र अरब टोळ्यांची पुरुषमंडळी तलवारी घेऊन रझहा करतात, काव्य म्हणतात. त्यात मान आहे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या लग्नात वाजवणे हे मात्र परंपरेने गुलामांच्या वंशजांकडे आले. लेवा, तंबुरा, झार हे आफ्रिकी मूळ असलेले प्रकार त्यांच्याच हाती राहिले, आणि त्यांतल्या झार-तंबुऱ्याला अंगात आलेले उतरवण्याचेही काम असते. वादक गाल फुगवून हवा तोंडात धरतो, नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. हे कसब ऐकून, शेजारी उभे राहून शिकायचे. त्याच्यावाचून लग्नाला शोभा नाही, आणि त्याच्या घरात मुलगी द्यायची म्हटली तर कुळ आडवे येते. हे वाचताना मला आपले गुरव, न्हावी, मांग वाजंत्री आठवले. देवळाच्या काकडआरतीला सनई हवी, वरातीला सनई हवी, आणि पंगतीत सनईवाल्याचे पान वेगळे. सोहारच्या समाजाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

1970 नंतर या जागेचे रूप पालटले. राष्ट्रीय दिनाच्या संचलनात, उत्सवांत, दूरचित्रवाणीवर लेवा दिसू लागला. गुलामांच्या वस्तीतला खेळ देशाचा वारसा म्हणून मांडला जाऊ लागला. हा मान खरा आहे. त्याची एक किंमतही आहे: मंचावर लेवा काही मिनिटांत आटोपावा लागतो. ज्या खेळाचा जीव हळूहळू चढत जाणाऱ्या लयीत आहे, त्याला वेळच कमी पडतो. आणि वारसा म्हणून मांडताना गुलामगिरीचा उल्लेख सहसा गाळला जातो. वंशजांना तो उल्लेख टोचतो, हे मी समजू शकतो. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र तो गाळता येत नाही.

गावही बदलले. 1983 मध्ये सोहारजवळ लसैल येथे तांब्याचे काम पुन्हा सुरू झाले. मग औद्योगिक वसाहत आली. 2002 मध्ये ओमान सरकार आणि रॉटरडॅम बंदर यांच्या भागीदारीतून सोहारच्या औद्योगिक बंदराची कंपनी स्थापन झाली, 2008 मध्ये ॲल्युमिनियमचे उत्पादन सुरू झाले, पोलादाचे कारखाने आले. खजुराच्या बागांतले पाणी डिझेलच्या आणि विजेच्या पंपांनी खेचून आता अनेक ठिकाणी खारे झाले आहे, आणि झिजरा केव्हाच थांबला. बागेत राबणाऱ्यांची नातवंडे आज कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत आहेत. त्याच वसाहतीत आपली मराठी माणसेही आहेत: फॅब्रिकेशन यार्डात, भट्टीवर, देखभाल विभागात.

म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली मुंबई-नाशिकच्या अभ्यासकांना. आखाताचा इंग्रज रेसिडेंट 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. मस्कतचा पत्रव्यवहार मुंबईला येत असे आणि त्यातला मोठा भाग मुंबईच्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. गुलामांच्या व्यापारावरची प्रकरणे त्यात आहेत. लंडनचे कागद वाचून जगभर पुस्तके लिहिली जात आहेत. आपल्या दाराशी असलेले कागद मराठीत कोणीतरी वाचले पाहिजेत, आणि शरणपूरच्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहिल्या पाहिजेत.

दुसरी विनंती सोहारमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी बंधुभगिनींना. सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाचे आमंत्रण आले आणि तिथे लेवा असला तर लवकर जा, पहिल्या सनईपासून ऐका. सनईवाल्याची हरकत नसेल तर त्याचे नाव, त्याला कोणी शिकवले त्याचे नाव आणि गाण्याचा अर्थ त्याच्याच तोंडून विचारून, तारखेसह लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत त्याला द्या, दुसरी मस्कतच्या संगीत केंद्राला.